सातवीण, बी विंग

"मॅडम, झाराला गोवर आयलाय,"
हसूराम म्हणाला, आणि फांदीच वाकवून दाखवली.
सात पानांतली पाच फोडांनी भरलेली,
हिरवे वाटाणे अर्धे कापून
कुणी चिकटवावेत तशी.

कमिटीचं पत्र आधीच तयार होतं:
रोगट झाड, पार्किंगला अडचण,
शिवाय दिवाळीनंतर फुलांच्या वासानं डोकं दुखतं.
खाली शेणॉयांची सही, तारीख टाकायची बाकी.
मला म्हणाले, तुम्ही एकदा बघून घ्या,
कारण निवृत्तीआधी एकतीस वर्षं
मी गाठीच कापत होते.

माणसांच्या. मेणात बसवून, पाच मायक्रॉनच्या चकत्या,
निळा-गुलाबी रंग, काचेवर नंबर.
निदान डॉक्टर लिहायचे.
माझं काम एवढंच, की कुणाची गाठ
कुणाच्या नावावर जाऊ नये.

पोळपाटावर पान ठेवलं,
दाढीच्या ब्लेडनं फोड अर्धा केला.
भिंत जाड, कच्च्या पेरूसारखी करकरीत.
चीक सुटला, दुधाळ, बोटांना चिकटला.
आत एकच खोली. खोलीत चपटं, पिवळसर पिल्लू,
डोळे लाल.
हलेना, पण मेलेलंही नव्हतं.

हे घर त्यानं बांधलेलं नाही.
त्यानं फक्त पानाला टोचलं, काहीतरी सांगितलं,
आणि पान आपल्याच मांसाच्या भिंती
घालत बसलं.

सायला म्हणतात याला, मी हसूरामला सांगितलं.
उंबराच्या पानावरच्या गाठी याच्या चुलतभावाच्या.
आंब्याच्या पानावरचे फोड चिलटाएवढ्या माशीचे.
आणि करंजाच्या पानांवर बोटं उगवल्यासारखं दिसतं ना,
ते किड्याचं कामच नव्हे. कोळ्याचं.
"कोली?" तो हसला. "म्हंजे आमचीच मानसां."
दिवाळ्याच्या जेट्टीला त्याच्या भावाची होडी अजून लागते,
हा मात्र सोसायट्यांच्या बागा करतो, कंत्राटावर.
त्या कोळ्याला पाय चारच, म्हटलं, आणि डोळे नाहीत.
"तरी घर बांधलान ना?"

इथंच थांबून लिहून टाकता आलं असतं.
पण हात ऐकेनात.
लोणच्याच्या बरणीत डहाळी, तोंडाला मलमल, रबरबँड,
लेबल: बी विंग, दक्षिण बाजू, नऊ नोव्हेंबर.

अकराव्या दिवशी बरणीत काही चमकलं.
हिरवा धातू, तिळाहून लहान, कंबर बारीक,
गांधीलमाशीच्या गोतातलं.
घर तिचं नव्हतं.
घरात होता त्याला आतल्या आत संपवून
ती बाहेर आलेली. मागे सुईनं पाडावं तसं गोल भोक.
दुसऱ्या दिवशी तशाच आणखी चार.
सायला एकच, तीही उशिरा.
जो बाहेर येईल त्याच्या नावावर गाठ लिहिली असती,
तर खाणारीलाच मी बांधणारी ठरवलं असतं.

अठ्ठ्याण्णव साली दोन डब्या आल्या होत्या, आडनाव एकच.
दोन दिवसांनी लक्षात आलं, माझंच चुकलं.
दोघींनाही परत बोलावलं.
एकीनं ते दोन दिवस घरी काही सांगितलं नव्हतं.
दुसरीनं पेढे वाटले होते.

कमिटीला लिहिलं, कागदाच्या एका बाजूला:
झाड सातवीण, वय कॉलनीएवढं.
गाठ करणारी सायला, खात्री आहे.
गाठीतून निघालेली हिरवी माशी, जात माहीत नाही.
झाडाला धोका दिसत नाही.
वासाबद्दल मला मत नाही.

शेणॉय म्हणाले, ते 'माहीत नाही' काढता येईल का?
रिपोर्ट जरा कच्चा वाटतो.
नाही, म्हटलं.

पत्रावर अजून तारीख पडलेली नाही.
बरणी खिडकीत आहे.
हसूराम पाणी घालता घालता खालूनच ओरडतो,
"आज कोन भायेर आयला?"